पहिला होमस्टेडर डॅनियल फ्रीमन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याखाली जमीन घेणारा पहिला माणूस, म्हणजे पहिला ‘होमस्टेडर’, म्हणून डॅनियल फ्रीमन ओळखला जातो. त्याच्यावर एकदा लिहिलं, तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. बहुतेकांना त्याने अर्ज केला त्या मध्यरात्रीच्या दहा मिनिटांत (प्रश्न 4) रस असतो. मला मात्र त्यानंतरची पाच वर्षं आणि म्हातारपणी त्याने लढलेला शाळेचा खटला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून उत्तरांचा कल तिकडे आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हा फ्रीमन नेमका कोण?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा शेतकरी. जन्म 26 एप्रिल 1826, ओहायो राज्यातल्या प्रेबल काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग). आधी इलिनॉयमध्ये त्याने डॉक्टरकी केली, मग पश्चिमेला सरकत नेब्रास्कात आला. बिॲट्रिस गावाच्या पश्चिमेला कब क्रीक नावाच्या ओढ्याकाठी त्याने जमीन धरली आणि उरलेलं आयुष्य तिथेच काढलं. शेतीसोबत त्याने काउंटीत शेरीफ आणि कॉरोनर ही पदं सांभाळली (प्रश्न 11). 30 डिसेंबर 1908 रोजी तो वारला आणि त्याच जमिनीत त्याला पुरलं.

गावाच्या नावाबद्दलही बरेच जण विचारतात. स्पेलिंग मुलीच्या नावाचं आहे आणि नाव पडलंही एका न्यायाधीशाच्या मुलीवरूनच. पण स्थानिक लोक ‘ॲ’वर जोर देऊन ‘बिॲट्रिस’ म्हणतात.

2. होमस्टेड कायदा म्हणजे सरकारने जमीन फुकट वाटली, असंच ना?

जवळजवळ, पण अटी होत्या आणि त्या सोप्या नव्हत्या. अब्राहम लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी या कायद्यावर सही केली. 1 जानेवारी 1863 पासून तो लागू झाला. वयाची 21 वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला सरकारी जमिनीतून 160 एकरांपर्यंत तुकडा निवडता येई. तो अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवलेला असावा, आणि त्याने अमेरिकी सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. त्यानंतर पाच वर्षं त्या जमिनीवर राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी साक्षीदार आणून हे सगळं सिद्ध करायचं. तेव्हा कुठे मालकीचा कागद हाती पडे.

सगळी फी धरून खर्च साधारण 18 डॉलर येई. हीच जमीन सव्वा डॉलर एकराच्या सरकारी दराने घेतली असती तर 160 एकरांचे 200 डॉलर पडले असते. जमिनीला पैसे लागत नव्हते, पण बैल, नांगर, बियाणं, विहीर आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं धान्य, हे ज्याचं त्याला उभं करावं लागे. अर्ज केलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना शेवटचा कागद मिळाला, त्यामागे हेच कारण आहे.

3. हा कायदा नेमका 1862 मध्येच कसा झाला?

कारण विरोधक संसदेतून उठून गेले होते. दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या राज्यांना पश्चिमेत छोट्या स्वतंत्र शेतकऱ्यांची वस्ती नको होती. 1860 मध्ये असंच एक विधेयक संसदेत मंजूर झालं, पण अध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते अडवलं. मग यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचे खासदार निघून गेले आणि 1862 च्या मे ते जुलैत कृषी खातं, होमस्टेड कायदा, पॅसिफिक रेल्वेचा कायदा आणि शेतकी महाविद्यालयांसाठी जमिनी देणारा कायदा असे सगळे एकापाठोपाठ मंजूर झाले.

4. मध्यरात्री कचेरी उघडायला लावली, ती गोष्ट काय आहे?

गोष्ट अशी सांगतात. 31 डिसेंबर 1862 ची रात्र. फ्रीमन मिसुरी नदीकाठच्या ब्राउनव्हिल गावात होता, कारण जमिनीची सरकारी कचेरी तिथे होती. तो उत्तरेच्या सैन्यात होता आणि लगेच परत हजर व्हायचं होतं. दुसरा दिवस नववर्षाचा, म्हणजे कचेरी बंद. गावात नववर्षाची मेजवानी चालली होती. तिथे त्याची कचेरीतल्या माणसांशी गाठ पडली. त्याने गळ घातली आणि एक कारकून तयार झाला. कचेरी उघडली, आणि कायदा लागू होऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच फ्रीमनचा अर्ज क्रमांक 1 नोंदला गेला.

हे मुख्यतः त्याने स्वतः आयुष्यभर सांगितलेलं आहे, हे लक्षात ठेवा. अर्जाचा क्रमांक आणि तारीख कागदावर आहेत. मेजवानी, विनवणी आणि घड्याळातली दहा मिनिटं आठवणीतली आहेत. मला गोष्ट अविश्वसनीय वाटत नाही. छोट्या गावात अधिकारी ओळखीचा निघाला की दार उघडतं.

5. मग तो खरोखर देशातला पहिला होता का?

पहिल्यांपैकी एक, असं म्हणणं सगळ्यात बरोबर. पहिल्याच दिवशी देशभर चारशेहून जास्त अर्ज नोंदले गेले. प्रत्येक कचेरीची वही वेगळी आणि तिथली वेळही स्थानिक. तेव्हा अर्ज क्रमांक 1 एकाहून जास्त ठिकाणी असणं स्वाभाविक होतं. डाकोटा प्रदेशातल्या व्हर्मिलियनच्या कचेरीत महलन गोर यानेही मध्यरात्र उलटताच अर्ज दिल्याचं सांगितलं जातं.

तरी मान फ्रीमनला मिळाला, कारण तो टिकला. त्याने पाच वर्षं भरली, पुरावा दिला, त्याच्या मालकीच्या प्रमाणपत्रावरही क्रमांक 1 च आहे, आणि आपण पहिले आहोत हे तो लोकांना सांगत राहिला. 1936 मध्ये संसदेने त्याच्या जमिनीवर राष्ट्रीय स्मारक करायचा कायदा केला, त्यातही हाच पहिला होमस्टेड मानला आहे.

6. 160 एकर हाच आकडा का? आणि त्याच्या जमिनीचा आकार इंग्रजी ‘टी’सारखा कसा?

अमेरिकेची सरकारी जमीन आधीच चौकटीत मोजलेली होती. एक मैल लांब, एक मैल रुंद चौकोन म्हणजे एक सेक्शन, त्यात 640 एकर. त्याचा चौथा हिस्सा 160 एकर, म्हणजे सुमारे 65 हेक्टर. एकर तोच, आपल्याकडे आहे तोच, 40 गुंठ्यांचा.

चौथा हिस्सा अखंड चौकोनच घ्यायला हवा, असं नव्हतं. 40 एकरांचे चार तुकडे एकमेकांना लागून असले की पुरे. फ्रीमनने सेक्शन 26 मधले तीन तुकडे एका ओळीत येतील आणि चौथा मधल्या तुकड्याला चिकटेल, असे निवडले. त्यामुळे कब क्रीकचं पाणी, काठावरची झाडं आणि वरची नांगरायची जमीन हे तिन्ही त्याच्या हद्दीत आलं. नकाशा समोर ठेवून पाहिलं की या माणसाला जमिनीची पारख होती, हे कुणी सांगावं लागत नाही.

7. पाच वर्षांत त्याने जमिनीवर केलं काय?

याचं उत्तर त्याच्याच फाइलीत आहे. 20 जानेवारी 1868 रोजी दोन साक्षीदारांनी शपथेवर जे लिहून दिलं, तो अर्ध्या पानाचा मजकूर आजही जपलेला आहे. घर एक मजली, 14 फूट बाय 20 फूट. काही भाग ओंडक्यांचा, काही भाग फळ्यांच्या चौकटीचा. दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी कौलांचं छप्पर, फळ्यांची जमीन. राहायला सोयीचं घर आहे, असंही साक्षीदारांनी आवर्जून म्हटलं आहे. सुमारे 35 एकर नांगरून, कुंपण घालून पिकाखाली आणलेले. घोड्यांचा तबेला, मेंढ्यांसाठी 100 फूट लांबीची शेड, मक्याची कणसं साठवायची कणगी. सफरचंदाची 40 झाडं आणि पीचची सुमारे 400.

मी हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा 35 या आकड्यावर थांबलो. पाच वर्षांत 160 पैकी फक्त 35? पण प्रेअरीचं, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानाचं, गवत समजून घेतलं की आकडा मोठा वाटायला लागतो. माणसाच्या डोक्याहून उंच वाढणारं हे गवत जमिनीखालीही तितकंच खोल जातं. शतकानुशतकं मुळं एकमेकांत गुंतून वरचा थर गोधडीसारखा घट्ट झालेला असतो. पहिली नांगरट म्हणजे तो थर पट्ट्यापट्ट्याने कापून उलटवायचा. साधा लोखंडी नांगर तिथे अडखळतो, मातीही चिकटते. पोलादी नांगर, बैलांच्या जोड्या आणि चिकाटी असेल तरच वर्षाला काही एकर सरकतात.

कुंपणाचाही विचार करा. ग्लिडनच्या काटेरी तारेचं पेटंट 1874 चं. त्याआधी लाकूड कापून वई घालायची किंवा काटेरी झाडांची दाट रांग लावायची. फ्रीमनच्या हद्दीवरही ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची अशी रांग होती.

8. नेब्रास्कात मातीच्या ढेकळांची घरं असायची ना? याचं घर लाकडाचं कसं?

ओढ्यामुळे. नेब्रास्काच्या पश्चिम भागात झाडच नव्हतं, म्हणून लोक गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा रचून घर बांधत. कब क्रीकच्या काठी लाकूड होतं. पुढे त्याने जमिनीवर दुमजली विटांचं घरही बांधलं. आज ते उभं नाही.

9. त्याच्या बायकोबद्दल काही सांगता का?

ॲग्नेस सूटर. माहेर आयोवा राज्यातलं, मिसिसिपी नदीकाठचं ल क्लेअर गाव. तिचं लग्न आधी डॅनियलच्या भावाशी, जेम्सशी ठरलं होतं. जेम्स युद्धात गेला आणि वारला. त्यानंतर डॅनियल आणि ॲग्नेस यांच्यात पत्रं सुरू झाली, आणि मागणीही पत्रातूनच घातली गेली. 8 फेब्रुवारी 1865 रोजी लग्न झालं, तेव्हा तो 38 वर्षांचा होता आणि ती विशीतली. लग्नानंतर ती नदीकाठचं भरलं गाव सोडून त्या दोन खिडक्यांच्या घरात आली. 1868 च्या साक्षीत ‘पत्नी आणि दोन मुलं’ अशी कुटुंबाची नोंद आहे.

डॅनियल गेल्यावर ती 20 वर्षांहून जास्त जगली, 1931 मध्ये वारली आणि त्याच्याच शेजारी विसावली. 400 पीचची झाडं त्याच्या एकट्याच्या हातची होती, असं मला कधीच वाटलं नाही.

10. तो सैन्यात होता, मग ‘1863 पासून सलग इथेच राहतो’ ही साक्ष खोटी नाही का?

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगला प्रश्न. साक्षीत 1 जानेवारी 1863 पासून हेच त्याचं एकमेव घर, असं म्हटलं आहे. कायद्याप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त काळ जमीन सोडली तर हक्क जाऊ शकत होता. आणि फ्रीमन स्वतःच सांगत होता की अर्ज करून तो सैन्यात गेला आणि लग्नानंतर, 1865 मध्ये, बायकोला घेऊन आला. हे दोन्ही अक्षरशः एकाच वेळी खरं असू शकत नाही.

माझं मत असं की साक्षीतलं ते वाक्य ठरलेल्या नमुन्याचं आहे. देशभरच्या फाइलींत तसंच लिहिलेलं असे, आणि परत आलेल्या सैनिकाविरुद्ध तक्रार करायला शेजारी पुढे येत नसत. सैन्यातला काळ पाच वर्षांत धरण्याची सवलत कायद्यात 1872 मध्ये स्पष्टपणे आली, म्हणजे ही अडचण त्याच्या एकट्याची नव्हती. घर, शेड, झाडं आणि 35 एकर यांची मोजदाद मात्र शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहून केलेली होती. 1 सप्टेंबर 1869 रोजी त्याला मालकीचा कागद मिळाला.

11. शेरीफ आणि कॉरोनर म्हणजे काय? त्याला राजकारणी म्हणता येईल का?

गावपातळीवरचा, हो. काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, पण तिथे शेरीफ सरकार नेमत नाही, लोक मत देऊन निवडतात. कायदा-सुव्यवस्था, अटक, कोर्टाचे हुकूम बजावणं ही त्याची कामं. कॉरोनर संशयास्पद किंवा अचानक झालेल्या मृत्यूची चौकशी करतो. फ्रीमन डॉक्टर होता, तेव्हा हे काम त्याच्याकडे येणं सरळच होतं. राज्याच्या राजधानीत किंवा वॉशिंग्टनमध्ये तो कधी गाजला नाही. त्याचा खरा सार्वजनिक ठसा कुठल्याही पदावर नसताना उमटला. त्यासाठी प्रश्न 12 पाहा.

12. शाळेत बायबल वाचण्यावरून त्याने खटला केला होता म्हणे?

केला, आणि जिंकला. जमिनीजवळच एका खोलीची विटांची सरकारी शाळा होती. 1899 मध्ये तिथल्या शिक्षिका इडिथ बीचर रोज वर्गात बायबलमधला उतारा वाचत, प्रार्थना करवून घेत आणि भक्तिगीतं म्हणवून घेत. शाळेच्या मंडळाची त्याला परवानगी होती. फ्रीमनने मंडळाकडे तक्रार केली. सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एका पंथाची उपासना नको, असं त्याचं म्हणणं. मंडळाने ऐकलं नाही. तो जिल्हा कोर्टात गेला आणि हरला. तिथेही न थांबता तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘फ्रीमन विरुद्ध शीव्ह’ या नावाने 9 ऑक्टोबर 1902 रोजी निकाल लागला तो त्याच्या बाजूने: असा रोजचा कार्यक्रम म्हणजे धार्मिक उपासना आणि पंथाची शिकवण आहे, आणि नेब्रास्काच्या घटनेत ती सरकारी शाळेत बसत नाही.

तेव्हा तो 76 वर्षांचा होता. ज्या मंडळाशी भांडला ते शेजारीपाजारीच होते. छोट्या वस्तीत असं भांडण म्हणजे वाटेत, बाजारात, मयताला, सगळीकडे त्याच तोंडांना सामोरं जाणं. या एका गोष्टीसाठी मला फ्रीमन त्या मध्यरात्रीपेक्षा जास्त लक्षात राहतो. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनेविरुद्ध ठरवलं ते 1963 मध्ये.

13. म्हणजे नेब्रास्काच्या शाळांत बायबलवर बंदीच आली का?

नाही, इथे बरेच जण चुकतात. 1903 मध्ये त्याच न्यायालयाने खुलासा केला की पुस्तक म्हणून बायबल शाळेत आणायला मनाई नाही. वापर पंथप्रसाराच्या थराला जातो का, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून ठरवायचं.

14. ती जमीन आधी कुणाची होती?

ओटो-मिसुरिया या मूळनिवासी जमातीच्या लोकांची. 15 मार्च 1854 च्या तहाने त्यांच्याकडून मोठा मुलूख सरकारने घेतला आणि त्यांना बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात बसवलं. तो पट्टा फ्रीमनच्या काउंटीच्याच, म्हणजे गेज काउंटीच्या, दक्षिण भागात होता. म्हणजे फ्रीमन पीच लावत होता तेव्हा हे लोक काही मैलांवरच राहत होते. 1881 मध्ये त्यांना तिथूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. ‘मोकळी सरकारी जमीन’ हा शब्द कायद्यात आहे. ती मोकळी कशी झाली, हे सांगितल्याशिवाय फ्रीमनची गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं.

15. बायकांना, कृष्णवर्णीयांना, परदेशातून आलेल्यांना जमीन मिळायची का?

अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना स्वतःच्या नावावर अर्ज करता येई, आणि हजारोंनी तो केला. नवऱ्यासोबत राहणाऱ्या स्त्रीला मात्र कुटुंबप्रमुख मानत नसत, म्हणून ॲग्नेसचं नाव कागदावर नाही. परदेशी माणसाने नागरिकत्वाचा इरादा नोंदवला की तो पात्र. जर्मन, स्वीडिश, चेक शेतकरी असेच नेब्रास्कात आले. कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वावरचा वाद 1868 च्या घटनादुरुस्तीने मिटला आणि त्यांचाही हक्क पक्का झाला.

16. आम्ही ओमाहाला राहतो. जागा पाहायला एक दिवस पुरेल का? तिथली लाकडी झोपडी फ्रीमनचीच ना?

एक दिवस आरामात पुरेल. लिंकन शहरापासून बिॲट्रिस दक्षिणेला सुमारे 40 मैल आणि स्मारक गावाच्या थोडं पश्चिमेला आहे. 2021 पासून त्याचं नाव होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

झोपडी फ्रीमनची नाही. ती 1867 मध्ये पामर नावाच्या दुसऱ्या कुटुंबाने बांधलेली, 14 फूट बाय 16 फुटांची, आणि तिथे नंतर आणून ठेवलेली आहे. आत उभं राहून पाहा, म्हणजे प्रश्न 7 मधलं घर किती असेल याचा अंदाज येतो. खटल्यातली विटांची शाळा मात्र खरी आणि जागच्या जागी आहे. ती 1872 ते 1967 चालली आणि मतदानासाठीही वापरली जाई. तिला ‘फ्रीमन शाळा’ म्हणतात. ते नाव डॅनियलवरून पडलं की विटांशी संबंध असलेल्या थॉमस फ्रीमनवरून, यावर एकमत नाही.

17. हा कायदा अजून चालू आहे का? आणि त्या 35 एकरांचं पुढे काय झालं?

कायदा 1976 मध्ये रद्द झाला, फक्त अलास्कात तो आणखी 10 वर्षं राहिला. शेवटचा मालकीचा कागद केनेथ डिअरडॉर्फ यांना 1988 मध्ये मिळाला, अलास्कातल्या स्टोनी नदीकाठच्या 80 एकरांसाठी. एकूण 16 लाख अर्ज यशस्वी झाले आणि सुमारे 27 कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा, लोकांच्या नावावर गेली.

फ्रीमनची जमीन सरकारने ताब्यात घेतली तेव्हा अनेक दशकांच्या नांगरटीने वरची माती वाहून चालली होती. 1939 पासून तिथे पुन्हा मूळचं गवत लावायला घेतलं. आज सुमारे 100 एकर गवताळ माळ उभा आहे. ठरावीक वर्षांनी तो मुद्दाम पेटवतात, कारण प्रेअरीचं गवत जळल्यावर नव्याने जोर धरतं. सप्टेंबरात गेलात तर बिग ब्लूस्टेम या गवताचे तुरे खांद्याच्या वर आलेले दिसतील.